सगळ्यांनी उजवीकडे बघा!

"बाळाला पाजून ज्यांची मान धरते ना, त्यांना बसायचं कसं तेच कळत नाही!" फिजिओथेरपिस्ट बाईंनी घरात जाहीर केलं. बाळंतपणाच्या रजेनंतर आज दवाखान्यात त्यांचा पहिला वर्ग होता. विषय हाच: पाजताना बसावं कसं.

"अगं, तू तरी पाठीशी उशी घे," सासूबाई म्हणाल्या.

"आई, अहो, मी दुसऱ्यांना उशा लावते!"

आणि बाळ नीट पितंय का ते बघायला बाई विहिरीत डोकावल्यासारख्या वाकल्या. बाळ पोटभर प्यालं, झोपलं. बाईंनी मान वर केली आणि कट्! मान वर आली खरी, पण उजव्या खांद्याकडे वळून तिथंच बसली. गंजलेल्या नळासारखी!

"निघालीस?" डावीकडून नवऱ्याने विचारलं.

"हो," बाईंनी भिंतीला सांगितलं.

"माझ्याकडे बघतही नाहीस? रुसलीस? अगं, भांडी घासली की मी!"

पहिल्याच दिवशी दांडी कशी मारणार? बाई तशाच गेल्या.

वर्गात नव्या आया बाळं घेऊन बसल्या होत्या. "पाठ टेकवा, खांदे सैल सोडा," बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. पटापट सगळ्यांच्या माना उजवीकडे! थांबवावं, तर कारण सांगावं लागणार. "छान!" म्हणून बाईंनी वेळ मारून नेली.

तेवढ्यात मोठ्या डॉक्टरबाई आल्या. सगळा वर्ग उजवीकडे बघतोय म्हणून त्याही बघायला लागल्या. "तिकडे काय आहे?"

"काही नाही, व्यायाम चाललाय!" एक आई म्हणाली. "ताई, आता डावीकडे ना?"

बाईंनी जोर लावला. मान हलली नाही, फिरत्या स्टुलासकट अख्ख्या बाईच फिरल्या! पाठोपाठ सगळा वर्ग कमरेतून फिरला. बाळांनी भोकाड पसरलं.

"थांबा! माझी मान आखडलीय हो!" बाई रडकुंडीला आल्या. "सकाळी मीच वाकून पाजलं!"

डॉक्टरबाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, पाठीशी उशी दिली आणि खांद्यात अंगठा रोवला. "आई गं!" बाई अशा किंचाळल्या की रडणारी बाळंसुद्धा गप्प झाली.

वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला!

"काय हुबेहूब नक्कल केलीत, ताई!" पुढची आई डोळे पुसत म्हणाली. "माझं अगदी अस्संच होतं. मला वाटायचं, मीच एकटी वेंधळी."

"अहो, नक्कल नाही..." बाई म्हणाल्या. पण टाळ्यांत ऐकतंय कोण?

एवढं कौतुक झाल्यावर नम्रपणे मान झुकवायची असते. ते काही जमलं नाही.