शंखाबाईंचा सातवा फेरा

एका जंगलात, मुलांनो, एक भलामोठा वड होता. जिथे वड असतो तिथे बिऱ्हाडं असतात. आणि जिथे बिऱ्हाडं असतात तिथे, आज ना उद्या, समिती होतेच.

या वडाच्या समितीचे अध्यक्ष होते धनेशराव. चोच ही एवढी मोठी, त्यामुळे ते बोलायला लागले की समोरच्याला आपसूक मागे सरकावं लागे. सचिव होती टिटवीबाई. टिटवी झोपताना पाय वर करून झोपते, हे तुम्हाला माहीत आहेच. आभाळ आपणच तोलून धरलंय, असा तिचा समज असतो. अशा समजाची माणसं समितीला फार लागतात.

त्याच वडाच्या मुळाशी शंखाबाई गोगलगाय आणि तिचे यजमान राहत. घर पाठीवरच. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

ज्येष्ठातली दशमी उलटली आणि नुकत्याच स्थापन झालेल्या समितीनं आपला पहिला फलक बुंध्याला टांगला. तो त्याच दिवशी खाली पडला, तो नेमका शंखाबाईंच्या यजमानांवर. बिचाऱ्यांच्या कवचाला उभी चीर गेली.

शंखाबाई रडत धनेशरावांकडे गेल्या. धनेशरावांनी शांतपणे फलक उलटा करून दाखवला. 'फलकाखाली थांबू नये' असं त्यावर स्वच्छ लिहिलं होतं.

कासववैद्य आले. त्यांनी यजमानांना मुळाच्या बेचक्यात एका पानाखाली ठेवलं. "हलायचं नाही, बोलायचं नाही. कवच सांधलं तर शिंगं बाहेर येतील. नाही तर..." पुढचं वैद्यबुवा बोलले नाहीत. वैद्य पुढचं बोलला नाही, की काय ते बायकांना कळतं.

चार दिवसांवर वटपौर्णिमा होती. त्या दिवशी शंखाबाईंनी उपास धरला आणि वडाला हात जोडले. म्हणजे शिंगं जोडली.

"वडदेवा, माझ्याकडे सूत नाही. पण मी चालते तिथे माझीच रुपेरी रेघ उठते, तेच सूत समज. सात फेरे घालीन. आमच्या यांना बरं कर."

पानाजवळून त्या निघाल्या. आता, गोगलगाईचा फेरा म्हणजे काय तुमचं आमचं काम आहे? बाकीच्या बायका सकाळी सात फेरे घालून दुपारी आंबे खायला बसल्या. शंखाबाईंचा पहिला फेरा पुरा झाला तेव्हा आषाढ लागला होता.

प्रत्येक फेरा संपला की त्या पानाशी थांबत. "अहो, झाला हं एक."  पानाखालून कधी एखादा बुडबुडा यायचा. तेवढ्यावर त्या पुढच्या फेऱ्याला निघत, आधीच्या रेघेच्या जरा खालून.

पण श्रावणापासून सण सुरू होतात, आणि सण सुरू झाले की नियम सुरू होतात. नागपंचमीला टिटवीबाईंनी जाहीर केलं की नागोबांनी आज कुणाच्या घरी सदिच्छा भेटीला जाऊ नये. गणपतीत उंदरानं बुंध्याला लागून मांडव घातला आणि दहा दिवस कुणाशी सरळ बोलला नाही. शंखाबाई मांडवाच्या दोऱ्यांखालून निघाल्या. त्यांच्या अंगावर गुलाल पडला. त्यांना वाटलं, शुभशकुन.

नवरात्रात मात्र पंचाईत झाली. गरब्याला गर्दी होते म्हणून समितीनं वडाभोवती एकाच दिशेनं चालण्याचा नियम केला. ती दिशा नेमकी उलटी निघाली. शंखाबाई सहाव्या फेऱ्याच्या मध्यावर होत्या.

"वळा!" टिटवीबाई ओरडली. "टिट्टिव्! वळा मागे!"

"अहो सचिवबाई, व्रताचे फेरे आहेत. उलटे कसे घालू?"

"व्रत तुमचं, वड सगळ्यांचा!"

शंखाबाई वळल्या. केलेला अर्धा फेरा उलटा चालल्या. दसरा उलटल्यावर पुन्हा वळल्या. वाटेत म्हणाल्या, "देवा, हे वजा धरू नकोस. उजळणी धर."

ओढ्याकाठची खेकडीवहिनी हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "अहो शंखाबाई, इतका जीव कशाला काढता? माझ्यासारख्या तिरप्या चाला. नियम काय ते सरळ चालणाऱ्यांना असतात."

"वहिनी, मला तिरपं येत नाही हो."

"म्हणून तर पोटतिडकीनं सांगत्ये!"

होता होता दिवाळी आली. सातवा फेरा संपत आला होता. पानापर्यंत वीतभर वाट उरली होती. आणि हवेत गारवा यायला लागला होता. थंडी पडली की गोगलगाई दार लावून घेतात आणि पुढच्या पावसापर्यंत उघडत नाहीत. शंखाबाईंच्या पापण्या आत्ताच जड होत होत्या. आता निजलं तर व्रत मोडलं, हे त्या जाणून होत्या.

पण त्या वर्षी वनराजांनी 'सुशोभित वृक्ष स्पर्धा' ठेवली होती. परीक्षक म्हणून दरबारातला मोर येणार होता. मोठी ढाल होती. धनेशरावांना ती ढाल इतकी हवी होती, की त्यांनी ती ठेवायला ढोलीत आधीच जागा करून ठेवली होती.

समितीनं बुंध्याभोवती रांगोळी घातली. रोषणाईला काजवे ठरवले. सगळ्यांनी एकाच रंगात, एकाच क्षणी, टिटवीबाईंच्या हाकेसरशी पेटायचं. त्याची तालीम वसुबारसेपासून सुरू झाली.

शंखाबाई हळूहळू रांगोळीच्या कडेशी आल्या, आणि समोर टिटवीबाईचे दोन उंच पाय आले.

"कुठे?"

"पानापाशी. एवढं बोटभर राहिलंय. रांगोळीला धक्का लावणार नाही मी, अगदी बुंध्याला चिकटून जाईन."

"आणि ती चिकट रेघ? आधीच सगळा बुंधा घाण करून ठेवलाय तुम्ही. उद्या खारी येऊन काथ्यानं घासणार आहेत सगळं."

"सगळं?" शंखाबाईंची शिंगं आत गेली. ज्येष्ठापासूनचं सगळं सूत!

त्या जागच्या जागी थांबल्या. भांडल्या नाहीत. त्यांना भांडता येत नव्हतं आणि मागे फिरताही येत नव्हतं. त्यांनी फक्त नाम घ्यायला सुरुवात केली, झोप येऊ नये म्हणून जरा मोठ्यानं.

आता देव कसा धावून येतो बघा. दुसऱ्या दिवशी खारी आल्याच नाहीत. ऐन दिवाळीत सामुदायिक सफाईला कोण येतं? एकीचा चिवडा परतायचा होता, दुसरीच्या करंज्या तळणीत होत्या.

लक्ष्मीपूजनाची सांज झाली. मोर आला. धनेशरावांनी चोच वर करून स्वागत केलं आणि टिटवीबाईला खूण केली.

"टिट्टिव्! पेटा!"

काळोख.

"पेटा म्हणत्ये ना!"

काजवे कुठून पेटणार? चार दिवस तालमीतच जळून संपले होते. सगळे पानापानावर पालथे पडून घोरत होते. एकच म्हातारा काजवा शाबूत होता, कारण तो एकाही तालमीला गेला नव्हता. एरवी त्याच्यावर कारवाईच व्हायची. तो डुगडुगत आला, बुंध्यावर टेकला आणि आपल्या बेतानं मिणमिणला.

आणि वड उजळला हो! बुंध्याभोवती चांदीची सात कडी. एकाखाली एक. कुठे जरा थरथरलेली, एका ठिकाणी गुलालाचा कण चमकणारी.

मोराचा पिसारा आपोआप उघडला. "वा! असं काम मी कुठल्याच झाडावर पाहिलं नाही. कल्पना कुणाची?"

"समितीची," धनेशराव म्हणाले. त्यांना क्षणही लागला नाही.

"आणि हे शेवटचं कडं इथे बोटभर अपुरं का?"

"ते मुद्दाम. कलेत थोडं अपुरेपण लागतं, महाराज."

ढाल मिळाली. टाळ्या झाल्या. टिटवीबाई लगबगीनं शंखाबाईंकडे आली. शंखाबाईंना वाटलं, आता तरी ही बाजूला होईल.

"तिथून हलू नका!" टिटवीबाई म्हणाली. "बक्षीसपात्र काम आहे. मोर महाराजांना ते अपुरंच आवडलंय. आता बोटभर काय, केसभरही पुढे जायचं नाही!"

गार वारा सुटला. शंखाबाईंचे डोळे मिटायला लागले. "देवा," त्या पुटपुटल्या, "माझ्याकडून एवढंच झालं. उरलेलं तू बघ."

तेव्हा मुळाच्या बेचक्यात ते पान हललं.

आधी एक शिंग बाहेर आलं. मग दुसरं.

"काय हा आरडाओरडा!" पानाखालून आवाज आला. "आजाऱ्यानं पडायचं तरी कुठे?"

शंखाबाईंची झोप कुठल्या कुठे पळाली. "अहो!"

"तू अजून इथेच? सात फेऱ्यांना एवढा वेळ? शेजारच्या तेव्हाच आंबे खायला बसल्या होत्या!" असं कुरकुरत ते तिच्याकडे सरकायला लागले.

टिटवीबाई मध्ये धावली. "थांबा! समितीचा नियम आहे!"

"कसली समिती?" त्यांनी विचारलं. ज्येष्ठापासून पानाखाली होते ते. मनापासून विचारत होते.

टिटवीबाईला आयुष्यात असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तिला उत्तर सुचेपर्यंत ते तिच्या दोन पायांमधून निघून आले. ते बोटभर अंतर त्यांनी आपल्या रेघेनं भरलं आणि कडं पुरं झालं.

"काही खायला आहे का?" ते म्हणाले.

शंखाबाई हसल्या, रडल्या. मग दोघं पानाखाली गेली, आणि पावसापर्यंत दार लागलं.

समितीनं दुसऱ्याच दिवशी ठराव केला. पुढल्या वर्षीपासून प्रत्येक बिऱ्हाडानं वडाला सात रुपेरी फेरे घालणं सक्तीचं आहे. वेळ, अर्धा तास.

तात्पर्य : मनोभावे केलेलं व्रत कधी वाया जात नाही. ढाल समितीला मिळते आणि नवरा आपल्याला. म्हणून मुलांनो, व्रत धरताना यांतलं आपल्याला नक्की काय हवंय, ते देवाला आधीच स्पष्ट सांगून ठेवावं.