उसन्या चपला

तपासणी कशी पार पाडायची, ते मला कुणी शिकवू नये! साहेब येणार म्हटलं की आमच्या शाळेत तक्ते शेजारच्या शाळेतून उसने, कुंड्या सरपंचांकडून उसन्या. साहेब सोलकढी पिऊन खूश होऊन जातात. या खेपेला मात्र तपासणी माझीच होती!

मी डेल्सी, देवबागची टीचर. लग्न राहून गेलं, आई गेली, आणि आता घरात बोलायला रेडिओ उरलाय. तोही माझं ऐकत नाही! म्हणून एक मुलगी दत्तक घ्यायची ठरवली. शेवटचा आदेश जिल्हाधिकारी देणार, पण आधी समाजसेविका घर बघून अहवाल लिहिणार. तो वाईट गेला की मुलगी विसरा!

आणि माझ्या दारात चपलांचा एकच जोड. इतकं एकटं घर बघून कोण मूल देईल? मी शेजारच्या तुळसाकडे गेले.

"चपला कित्याक व्हयेत गो तुका?"

"घर भरलेला दिसाक होया!"

"मगे आमीच येवन बसतंव मा!"

"नको, तुमी बोलतलास!"

तुळसाच्या, तिच्या सासूच्या, पलीकडच्या बाबलीच्या, अशा वाडीभरच्या चपला दारात मांडल्या. टोकाला एक चिमुकला गुलाबी जोड ठेवला. तो मात्र माझा, मालवणच्या बाजारातून हौसेने आणलेला.

भर दुपारी समाजसेविका आकांक्षा मॅडम आल्या. ओळीशेजारी सँडल काढत म्हणाल्या, "अर्जात तर तुम्ही एकट्याच आहात!"

"माणसं येऊन-जाऊन असतात!"

"आत्ता कुठे आहेत?"

"झोपलीत!"

"सगळी?"

"आमच्याकडे दुपारी झोपतातच!"

मॅडमनी पाण्याचा पेला उचलला, तोच किनाऱ्यावरून आरोळी आली. रापण ओढली होती, जाळं बांगड्यांनी भरलं होतं! तुळसा अनवाणी उड्या मारत दारापुढच्या खळ्यात शिरली.

"डेल्सी, माज्यो चपला दी गो! वाळू तापली हा, पाय भाजतत!"

मागोमाग बाबली. "टीचर, माज्यो खंय आसत? बेगीन!"

मग सगळी वाडीच आली! बघता बघता ओळ रिकामी झाली. तुळसाच्या सासूने तर घाईत मॅडमचे सँडल घातले, आणि माझाही जोड कुणीतरी नेला.

"झोपलेली माणसं उठली वाटतं," मॅडम म्हणाल्या. मग गुलाबी जोडाकडे बोट दाखवलं. "ह्या न्यायला कुणी आलं नाही?"

माझी सगळी हुशारी संपली. "ती अजून आलीच नाही हो मॅडम," मी म्हटलं आणि शाळेतल्या पोरीसारखी रडले.

तेवढ्यात तुळसा परतली. एका हातात बांगडे, दुसऱ्या हातात मॅडमचे सँडल!

"ह्यांना मूल सांभाळायला जमेल का हो?" मॅडमनी तिलाच विचारलं.

"जमात काय? आमची पोरां हिच्याकडेच असतत! सांजेक आमी घेवन जातंव, मगे ही एकटीच."

मॅडम बराच वेळ लिहीत होत्या. जाताना बांगडे मात्र घेतले नाहीत. नियमात बसत नाहीत म्हणे!

अहवाल चांगला गेला. पण मुलगी कधी मिळेल ते कुणी सांगत नाही. वर्ष झालं. गुलाबी जोड रोज सकाळी दारात ठेवते, संध्याकाळी आत घेते. कुत्री पळवतात ना!

परवा तो पुसताना एकदम ध्यानात आलं. इतकी वर्षं मुलांत काढली, आणि मुलांचे पाय वाढतात हे विसरले! ती जिथे असेल तिथे वाढतेच आहे की. तशीच मालवणला गेले आणि मोठ्या मापाचा जोड मागितला.

दुकानदार हसला. "टीचर, पयले ल्हान झाले काय चेडवाक?"

"होय रे," मी म्हटलं, "भराभर वाढता!"