बांधावरचं सोनं

कचेरीतून निवृत्त झालेले पेशकार सिद्रामप्पा यांना सोनं शोधण्याचा छंद होता. सोनं सापडलंच पाहिजे असा त्यांचा आग्रह नव्हता. नुसती जागा सापडली तरी त्यांना अन्न गोड लागे. तेर गावच्या नदीतली वाळू परातीत धुऊन झाली आणि एके दिवशी त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपली जमीन सोनारीला! नावातच सोनं!

"आधी पाणी सापडू द्या," त्यांच्या पत्नी शांतम्मा म्हणाल्या. त्या शेतात त्यांची विहीर अर्धी खणून झाली होती, आणि परातही त्यांचीच होती.

पण परवानगीशिवाय छंद करणं सिद्रामप्पांच्या जिवावर येई. त्यांनी कचेरीत अर्ज दिला. निजामाच्या काळात याला दरख्वास्त म्हणत; विलीनीकरणानंतर उशीर मराठीतून होऊ लागला, एवढाच फरक.

यथावकाश कारकून दत्तोपंत चौकशीला आले. शेत राखणाऱ्या धोंडीबाला त्यांनी गंभीरपणे विचारलं, "या जमिनीत सोनं आहे काय?"

"हाय की. त्या बांधावर. दसऱ्याला समदं गाव तोडून नेतंय."

बांधावर आपटा उभा होता. दत्तोपंत स्वतः दरवर्षी त्याचीच पानं वाटत. तरी त्यांनी लिहिलं, 'बांधावर सोनं असून ग्रामस्थ ते प्रतिवर्षी नेतात.'

"अहो, आपटा म्हणून लिहा की!" सिद्रामप्पा कळवळले.

"साक्षीदारानं तो शब्द उच्चारलेला नाही. जबाब जसाच्या तसा घ्यायचा, हे तुम्हीच शिकवलंय मला, अप्पा."

हुकूम आला. सोनारी हे सुवर्णक्षेत्र; सबब कोणीही कसलीही खोदाई करू नये. विहीर थांबली. मग खुंटा ठोकणं ही खोदाईच ठरली, आणि गावचे बैल मोकळे हिंडू लागले. दसऱ्याला आपट्याखाली शिपाई बसला व त्यानं पानं जप्त केली.

हुकूम उठवायचा, तर सगळ्या खातेदारांनी 'आमच्या जमिनीत सोनं नाही' असं लिहून द्यायला हवं होतं. सिद्रामप्पा कागद घेऊन दारोदार फिरले. सही कोणीच करेना. धोंडीबाच्या नावावरही शेजारी चिमूटभर रान होतं. तो म्हणाला, "अप्पा, सोन्याच्या रानाचा मालक म्हणून पोरीला लई चांगलं स्थळ आलंय. आता न्हाय कसं म्हनू?"

इकडं शांतम्मांची वांगी माना टाकू लागली. त्यांनी कागद नवऱ्यापुढं ठेवला. "लोकांचं जाऊ द्या. निदान तुम्ही तरी सही करा."

सिद्रामप्पांनी टाक उचलला, दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"करतो. पण खरंच असलं तर?"

शांतम्मांना रडूच कोसळलं. घागर घेऊन त्या दुसऱ्याच्या विहिरीवर पाण्याला निघून गेल्या.

हसा तुम्ही खुशाल. पण खरं सांगा, हे शेत सोनारीच्या नेमकं कुठल्या बाजूला, असं तुमच्याही मनात येऊन गेलंच की नाही?