अस्वलासाठी क्रियापद

उत्तर ओंटारिओतल्या त्या तळ्याकाठच्या वस्तीत उन्हाळ्यात चौथ्यांदा अस्वल येऊन कचऱ्याचे डबे उलथून गेलं, तेव्हा सूचनेची पाटी लिहायचं काम चिटणीस म्हणून व्हर्ना टॅकाबेरीच्या गळ्यात पडलं. काम पाच मिनिटांचं. तिने पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं : 'अस्वल दिसल्यास त्याला घाबरवा.'

व्हरांड्यात रंग वाळत होता, तोच शेजारचे प्रुइट सर आले. वय एक्याऐंशी. व्हर्नाला त्यांनी सातवीत भाषा शिकवली होती आणि अजून शिकवणं सोडलं नव्हतं.

"घाबरवा?" सर म्हणाले. "समोरचा घाबरला, तरच त्याला घाबरवलं म्हणतात. अस्वल घाबरलंच नाही, तर?"

"तर काय, सर?"

"तर त्या माणसानं सूचना पाळली की मोडली?"

व्हर्नाने दुसरा पुठ्ठा घेतला. 'अस्वलाला धमकावा.'

"धमकी समोरच्याला कळावी लागते, बाळ."

तिसरा पुठ्ठा. 'दचकवा.'

"दचकलेलं अस्वल अंगावर येतं! लोकांना मारायचंय का तुला?"

"मग 'भेडसावा' लिहू?" व्हर्ना दातओठ खात म्हणाली.

"भेडसावतात त्या चिंता. अस्वलाला कसली आलीय चिंता?"

खरंच नव्हती. कारण तेवढ्यात ते पायऱ्या चढून वर आलं, आणि जत्रेतल्या स्पर्धेसाठी कठड्यावर निवत ठेवलेल्या ब्लूबेरीच्या केकमध्ये त्याने खुशाल तोंड घातलं.

"सर, हलू नका," व्हर्ना कुजबुजली.

"आता हेच बघ," सरही कुजबुजले. "इथे आपण कर्ता, अस्वल कर्म. पण प्रत्यक्षात घाबरलंय कोण? म्हणजे क्रियापद–"

"बास!" व्हर्ना अशी किंचाळली की तळ्यावरची बदकं उडाली. "आणखी एक शब्द काढलात तर याद राखा! सकाळपासून डोकं खाल्लंय माझं! तीन पुठ्ठे वाया गेले, केक गेला! चालते व्हा इथून!"

अस्वलाने कठड्यावरून उडी टाकली आणि मागे न बघता झाडीत धूम ठोकली. सर भिंतीला चिकटून उभे होते.

"हे," भिंत न सोडता ते म्हणाले, "याला म्हणतात घाबरवणं."

"अस्वलाला ना?"

"त्यालासुद्धा."

वस्तीच्या सभेत पाटीचा नवा मजकूर सरांनीच सुचवला आणि तो एकमताने मंजूर झाला : 'अस्वल दिसल्यास व्हर्नाला बोलवा.' खाली तिचा फोन नंबर.

पहिल्याच आठवड्यात तिला पाच फोन आले. तीन अस्वलासाठी, दोन प्रुइट सरांसाठी.