आप्पांची झोप आणि थोरलीचा क्लच

"गॅरेजवाला असं काय वेगळं करतो गं? स्क्रू सोडायचा, हवा काढायची, स्क्रू आवळायचा! मी रोज लोकांची सुटलेली पोटं मापात बसवतो, मला एक क्लच जमणार नाही?"

टेलर असं म्हणाला, तेव्हाच बायकोनं त्याला दुकानात घालून बाहेरनं कुलूप लावायला हवं होतं!

गाडी होती सासऱ्याची, म्हणजे आप्पांची. लालभडक, नुकताच नवा रंग दिलेली. आप्पा तिला "माझी थोरली" म्हणायचे. पोटच्या पोरीचा नंबर दुसरा! लग्नातच त्यांनी बजावलं होतं, "जावईबापू, धाकटी तुम्हाला दिली. थोरलीला बोट लावायचं नाही!" टेलरच्या मनाला ते तेव्हापासून टोचत होतं.

त्या दुपारी आप्पा लेकीकडं आले ते तोंड पाडूनच. क्लचचं पेडल चिखलात पाय घातल्यासारखं खाली जायचं आणि गिअर टाकला की थोरली किंचाळायची. "क्लचच्या ऑइलात हवा धरलीय. उद्या गॅरेजात नेतो," म्हणाले, जेवले आणि आतल्या खोलीत आडवे झाले. लगेच घोरणं सुरू! भिंतीवरचं कॅलेंडर हलायला लागलं.

"आप्पा उठायच्या आत करून टाकू," टेलर कुजबुजला. "मग बघ, थोरलीची चावी आपणहून माझ्या हातात ठेवतील!"

"आणि बिघडलं तर?"

"मी व्हिडिओ बघितलाय!"

"मिक्सरचा पण बघितला होतात. अजून पोत्यात बांधलेला आहे तो."

पण ऐकतोय कोण! पाना घेऊन टेलर गाडीखाली शिरला. सुई टोचू नये म्हणून मधल्या बोटात घालतात ते अंगुस्तानसुद्धा काढलं नाही. ते तो झोपेतही काढत नसे. बायको सीटवर बसली.

"डावीकडचं पेडल! दाब म्हटलं की दाबायचं आणि धरून ठेवायचं. सोड म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही!"

"कळलं हो. त्यात काय!"

"दाब!"

आता ही बाई लग्नापासून दुकानात शिलाई मशीन चालवणारी. पायाखाली पेडल आलं की पाय तिच्या बापाचं ऐकत नाही! टक टक टक टक... अख्खी पँट शिवून झाली असती! आणि खाली टेलरनं स्क्रू सोडला, तशी ऑइलची पिचकारी थेट मिशीत!

"अगं धर! उचलू नको!"

"धरलंय की!"

"हे धरलंय? मग हलतंय ते काय?"

"पायाला सवय आहे हो!"

स्क्रू उघडा असताना पाय वर आला की हवा उलटी आत! काढायची होती चमचाभर, शिरली घमेलंभर. शेवटी पेडल जे खाली गेलं ते वरच येईना. पायपुसण्यासारखं तळाला पडून राहिलं!

आणि आतलं घोरणं थांबलं.

दोघं दगड झाले. खाट करकरली... कूस बदलली... आणि पुन्हा घोर्रर्र!

"मघाशी निदान किंचाळत तरी होती, आता मुकीच झाली!" बायको रडवेली झाली. "आप्पा घरी जाणार कसे?"

टेलरनं झोंबणारी मिशी पुसली. "हे बघ. शिलाई कोपऱ्यावर वळवताना तू काय करतेस?"

"सुई कापडात रुतवून थांबते."

"आणि पाय?"

"पाय जाम!"

"मग दर वेळी कोपरा आलाय असं समज!"

तिनं पेडल हातानं वर ओढलं. "कोपरा!" पाय खाली, जाम! स्क्रू सुटला, त्याला लावलेल्या नळीतून बुडबुडे आले, स्क्रू आवळला. "चल पुढं!" पाय वर. मधेच बॉनेट उघडून क्लचच्या डबीत ऑइल ओतायचं, परत "कोपरा!" एवढे कोपरे मारले की सर्कशीचा तंबू शिवून झाला असता! हळूहळू बुडबुडे संपले. पेडल नव्या कॉलरसारखं ताठ!

टेलरनं बॉनेट लावलं आणि ऑइलनं माखलेल्या हातानं वर सणसणीत थाप मारली. "शाब्बास थोरले!"

आप्पा उठले, चहा प्याले, गाडीत बसले. पेडल दाबलं आणि आ वासला.

"अरेच्चा! कुणी केलं?"

"आम्हीच, आप्पा," टेलर लाजत म्हणाला.

आप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी खिशातून दुसरी चावी काढली. "चुकलो मी, जावईबापू. आजपासून ही तुमच्या..."

आणि समोर काचेतून त्यांची नजर बॉनेटवर गेली. हात तसाच हवेत!

क्लचचं ऑइल लागून लाल रंग पापडासारखा फुगून, सुरकुतून उठला होता. तळवा! त्याला पाच बोटं!

"हे काय? हे कुणी केलं?"

"रस्त्यावरची पोरं हो, आप्पा! काय सांगायचं हल्लीच्या..."

आप्पा खाली उतरले, वाकले. चार बोटांचे शेंडे नीट होते. मधल्या बोटाच्या टोकाला मात्र गोल कडं! त्यांनी सावकाश मान वळवून टेलरच्या हाताकडं बघितलं. टेलरनं हात पाठीमागं नेला, पण फार उशीर झाला होता.

"बोट लावू नका म्हटलं होतं," आप्पा म्हणाले. "तुम्ही पाचही लावलीत!"

चावी परत खिशात गेली. थोरली निघाली. गिअर कसा लोण्यासारखा पडला!

"क्लच झकास झालाय पण, नाही?" टेलर हळूच म्हणाला.

"तो व्हिडिओ पुरता बघितला होतात का?"

"शेवटचं जरासं राहिलं होतं गं," टेलर हाताकडं बघत म्हणाला. "मला वाटलं, आता काय, नुसतं हात धुवायचंच तर दाखवतायत!"