भिंतीत मिटणारी फळी

चांगुणाबाईंची सून भार्गवी बाळंतपण आटोपून परत यायची होती आणि तिला सोडायला तिची आई कडूबाई येणार होती. सून येणार याचा आनंद होता. विहीण येणार याची तयारी होती. कडूबाईंनी पाथर्डीहून फोनवर आधीच बजावलं होतं, "घर बघीन. लेकराला जागा न्हाई दिसली, तर आल्या जीपनं दोघींना माघारी नेईन. लेकरू चालाया लागल्यावर बघू."

नातीचं तोंड चांगुणाबाईंनी अजून मोबाईलवरच पाहिलेलं. पारनेरातलं त्यांचं घर म्हणजे पुढे मच्छिंद्रचं सुतारकामाचं दुकान आणि मागे दोन खोल्या. एकीत स्वयंपाक, दुसरीत उरलेला सगळा संसार. जागा मनात असावी लागते, असं चांगुणाबाई सगळ्यांना सांगत. पण मनात काही लेकराला निजवता येत नाही.

मच्छिंद्रनं मोबाईलवर शहरातल्या खुराड्याएवढ्या घरांचं सामान पाहिलं आणि स्वतःच्या डोक्यानं दाराजवळच्या भिंतीला वीतभर खोल कपाट ठोकलं. त्याची कडी काढली की पुढची फळी आडवी खाली येई आणि तिचा पाय आपोआप जमिनीला टेके. वर गादी, बाजूंना कठडे. बाळाला ठेवा, तेल लावा, दुपटं बदला. काम झालं की फळी वर ढकला, भिंत पुन्हा भिंत.

"दुपटं बदलाया टेबल?" चांगुणाबाई म्हणाल्या. "तुझं मी मांडीवर बदललं. मांडीला काय बिजागरी नव्हती."

"आई, विहीणबाई मांडी बघाया न्हाई, जागा बघाया येत्यात."

मुलगा खरं बोलला की त्यांना राग येई, पण तो त्या मागाहून काढत.

मच्छिंद्रनं माप चोख घेतलं होतं. फळी उघडली तरी दाराला लागत नव्हती. फक्त माप घेताना दार सताड उघडं, पलीकडच्या भिंतीला टेकलेलं होतं. त्यांच्या गल्लीत दिवसा दार कुणी लावतच नाही. लावलं, तर कोण आजारी आहे म्हणून शेजारीण विचारायला येते.

जीप आली. भाकरतुकडा ओवाळून लेकरू आत घेतलं. मागोमाग निम्मी गल्ली आत आली. कडूबाईंनी खोलीवरून नजर फिरवली आणि त्या फळीपाशी थांबल्या. मच्छिंद्रनं कडी काढून दाखवली, पुन्हा लावली.

"करून बघते," कडूबाई म्हणाल्या. "बायांनो, भाईर व्हा. येवढ्या डोळ्यांपुढं लेकरू उघडं करायचं न्हाई."

सगळ्यांना बाहेर काढून त्यांनी दार लोटलं. मग फळी पाडली.

बराच वेळ आवाज नाही. चांगुणाबाई दाराशी गेल्या. "विहीणबाई, झालं का?"

"झालं," आतून कुजबुज आली. "दार उघडंना."

दार आतल्या बाजूला उघडायचं आणि तिथं आता फळी. बोटभर फट पडून ते अडलं. मच्छिंद्र खिडकीशी धावला. सासूला तो मामी म्हणे.

"मामी, लेकरू उचला आन फळी वर ढकला. येवढंच."

"झोपलंय."

भार्गवी नवऱ्याला बाजूला सारून गजांना चिकटली. "आई, हात लावू नको. जन्मल्यापासून दिवसा डोळा मिटला नाही तिनं."

"बिजागऱ्या काढून दार उतरवू का?" मच्छिंद्रनं विचारलं.

"त्या आतल्या अंगाला हायेत," चांगुणाबाई म्हणाल्या. "आन ठोकाठोक केली तर मी तुला ठोकीन."

गल्लीतल्या बाया मयताला जमल्यासारख्या गप्प उभ्या राहिल्या. कडूबाईंना चहा गजांतून दिला. जीपवाला आला, त्याला दुसरं भाडं होतं. त्यानं हॉर्नकडे हात नेला, तोच चांगुणाबाईंनी त्याचं मनगट धरून त्याला खिडकीपाशी आणलं. कडूबाईंनी निजलेल्या लेकराकडे पाहिलं, मग त्याला हातानंच जा म्हणून खुणावलं.

चांगुणाबाईंनी चेहरा दुखवट्याचा ठेवला. पण जीप वळली तेव्हा निरोपाचा हात तेवढा त्यांनीच केला.

उन्हं उतरल्यावर लेकरू जागं झालं. फळी मिटली, दार उघडलं. आत कडूबाईही जमिनीवर पाय पसरून झोपून उठल्या होत्या, केस विस्कटलेले, चेहरा मात्र ताजा.

"लेकराला हितं झोप लागती. भार्गवी राहील," त्या म्हणाल्या.

चांगुणाबाईंनी नात छातीशी घेतली. "म्या तर कवाच म्हनलं, जागा लई हाय. आनखी दोन मानसं आली तरी मावत्याल."

"व्हय की," कडूबाई म्हणाल्या. "फळी पाडलेली असून बी मी खाली चांगली आडवी झाले. आता लेकीपाशी मीबी राहते. दिवाळीपातूर."

दिवाळी लांब होती. चांगुणाबाईंनी नातीचं टोपडं सारखं केलं. आठवडाभरात कडूबाईंनी मसाल्याच्या डब्याची जागा बदलली, तेव्हा चांगुणाबाई दुकानात आल्या. मच्छिंद्र रंधा मारत होता.

"असली फळी मोठ्या मानसाच्या मापाची हुईल का रं?"

"हुईल की. झोपाया?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "मिटून ठिवाया."