गोदूबाईंची पहिली लाल वाईन

नरहरराव टेंभेकरांना जगातली कुठलीही वस्तू पारखून घेता येते, असं नरहरराव टेंभेकरांचं ठाम मत होतं. रायपूरच्या गोल बाजारात गेले की कलिंगडावर नुसती टिचकी मारून आतला रंग सांगायचे. चादर चिमटीत धरून ती कितीदा धुतल्यावर विरेल ते सांगायचे. सांगितलेलं दर वेळी खरं व्हायचं असं नाही, पण सांगायचे इतक्या जोरात की दुकानदार गप्प बसायचा!

म्हणूनच लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाआधी त्यांनी बायकोला छाती पुढे काढून विचारलं, "बोल गोदू, काय पाहिजे? एक नंबरची वस्तू आणतो!"

गोदूबाई भेंडी चिरत होत्या. विळीवरून मान वर न करता म्हणाल्या, "मले एकदा लाल वाईन पिऊन पाहायची आहे."

नरहररावांच्या हातातला चहा लेंग्यावर सांडला.

"काय?"

"वाईन. लाल. सिरियलमधल्या बाया पितात नं, अन् मग सोफ्यावर मागे टेकून अशा निवांत हसतात! मले पाहायचं आहे, त्याच्यात असं काय आहे म्हणून."

आता इथे एक पंचाईत सांगितलीच पाहिजे. नरहरराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून शंकर नगरच्या विदर्भ स्नेही मंडळाच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष होते! मंडळातला कुणी दारूच्या दुकानाजवळ दिसला रे दिसला की समितीची माणसं नारळ घेऊन त्याच्या घरी जात, अध्यक्ष भाषण करत, आणि त्या बिचाऱ्याला नारळावर हात ठेवून शपथ घ्यावी लागे. ही पद्धत नरहररावांनीच काढली होती. भाषणही त्यांचंच. ते ऐकून एका गृहस्थांनी तर चहासुद्धा सोडला होता.

नकार द्यायला त्यांनी तोंड उघडलं. पण तेवढ्यात त्यांच्या मनात आलं, या बाईनं इतक्या वर्षांत मागितलं काय? मिक्सर, गॅसची शेगडी, पोट्ट्यांच्या शाळेचे बूट. हे काही स्वतःसाठी मागणं नव्हे. स्वतःसाठी तिनं आज पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. नरहररावांना फार वाईट वाटलं.

"आणतो!" ते म्हणाले. "अन् अशी निवडून आणतो का तू पाहतच राहशील!"

लग्नाच्या वाढदिवशी, ऐन मे महिन्याच्या दुपारी, रस्त्यावर कुत्रंही नसताना, नरहरराव तेलीबांध्याकडच्या दुकानात गेले. ओळख पटू नये म्हणून हेल्मेट डोक्यावरच ठेवलं. लोखंडी जाळीपलीकडच्या माणसानं घाबरून आधी गल्ला बंद केला.

"रेड वाईन दिखाओ," नरहरराव हेल्मेटमधून म्हणाले.

"कौन सी, अंकल? दो-तीन हैं. ये नई आई है..."

"नई नहीं! सबसे पुरानी!"

वाईन जितकी जुनी तितकी चांगली, एवढं ज्ञान नरहररावांना होतं. जुनी कशी ओळखायची? सोपं आहे, धुळीवरून! खिडकीजवळच्या फळीवर, उन्हात, एक बाटली इतकी धुळकटली होती की तिच्यावर कुणीतरी बोटानं 'राम राम' लिहून ठेवलं होतं. नरहररावांचे डोळे चमकले. ती बाटली मागून त्यांनी सवयीप्रमाणे कानाशी धरली आणि टिचकी मारली.

घात झाला तो तिथेच! शंकर नगरात अशी टिचकी मारणारा माणूस एकच. मागे उभ्या असलेल्या शेजारच्या भैय्यालालनी हेल्मेटकडे पाहिलं, टिचकी ऐकली आणि ओळखलं. भैय्यालाल स्वतः तिथे कशाला उभे होते, हे पुढेही कुणी विचारलं नाही.

घरी येऊन नरहररावांनी बंगळूरच्या पुतण्याला, अभिनवला, फोन लावला. अभिनवला मराठी कळे, पण बोलायचा हिंदीत.

"काका, रेड वाईन को फ्रिज में मत रखना. रूम टेम्परेचर पे पीते हैं. और पहले खोल के रखो, थोड़ी साँस लेने दो."

झालं! नरहररावांना एकदा नियम कळला की ते तो शेवटपर्यंत पाळत. बूच निघेना, तेव्हा त्यांनी लाटण्यानं ते आतच ढकललं. मग प्रश्न आला श्वासाचा. घरात कूलरची ओलसर हवा. तिच्यात कोण मोकळा श्वास घेणार? त्यांनी बाटली गच्चीवर नेली आणि कठड्यावर, भर उन्हात, ऐसपैस श्वास घ्यायला ठेवून दिली. वर जाळीचं झाकण टाकलं आणि खाली येऊन झोपले.

त्या दुपारी अख्ख्या पाऱ्यानं, म्हणजे मोहल्ल्यानं, अध्यक्षांच्या कठड्यावर दारूची उघडी बाटली पाहिली!

संध्याकाळी नरहररावांनी बाटली फडक्यात धरून खाली आणली. फडक्यात अशासाठी की हाताला चटका बसत होता. मग त्यांनी कूलर बंद केला.

"काहून बंद केला?" गोदूबाईंनी पदरानं वारा घेत विचारलं. आज त्या ठेवणीतली साडी नेसून बसल्या होत्या, केसांत मोगराही होता.

"रूम टेम्परेचर पाहिजे! कूलरचं टेम्परेचर रूमचं थोडीच असते?"

बुचाचे तुकडे राहू नयेत म्हणून चहाच्या गाळणीतून त्यांनी स्टीलच्या पेल्यात वाईन गाळली. एवढ्यात बेल वाजली. गोदूबाई पेला घेऊन स्वयंपाकघरात पळाल्या. बाटली मात्र टेबलावरच राहिली.

दारात समिती उभी होती! सचिव चारुदत्त, महिला शाखेच्या शांताबाई, साक्षीदार म्हणून भैय्यालाल, आणि चारुदत्तांच्या हातात नारळ.

तिघं आत येऊन बसली. बाटलीकडे पाहिलं. नरहररावांकडे पाहिलं. भाषण करायचं नेहमी अध्यक्षांनी, आणि अध्यक्ष तर समोर आरोपी! शेवटी चारुदत्तांनी घसा खाकरला आणि पाठ झालेलं तेच भाषण सुरू केलं.

"नरहरभाऊ, घर म्हणजे देऊळ आहे. अन् व्यसन म्हणजे... व्यसन म्हणजे..."

"त्या देवळाले लागलेली वाळवी," नरहरराव हळूच म्हणाले.

"हव, वाळवी! तुमच्या घरची लक्ष्मी डोळ्यांत... डोळ्यांत..."

"डोळ्यांत प्राण आणून वाट पाहून राहिली."

"भाऊ, मले बोलू द्या नं!" चारुदत्त रडकुंडीला आले.

खरं सांगून मोकळं होणं नरहररावांसाठी एका वाक्याचं काम होतं. पण मग उद्या सगळा पारा गोदूकडे बोट दाखवणार! तिनं आयुष्यात एक गोष्ट मागितली आणि तिच्यापायी तिला मान खाली घालायला लावायची? छे! त्यांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मोठा उसासा टाकला आणि नारळाकडे हात नेला.

"थांबा!"

गोदूबाई दारात उभ्या होत्या. हातात पेला.

"शपथ कोणाले देऊन राहिले? ते चहाच्या पुढं गेले नाहीत कधी. वाईन माझी आहे!"

भैय्यालाल खुर्चीतून अर्धे उठले. "भाभीजी, आप?"

"म्हणजे गोदू, तू... तू पितेस?" शांताबाईंनी विचारलं.

"अजून कुठं? तुम्ही पिऊ द्याल तवा नं!" असं म्हणून गोदूबाईंनी सगळ्यांच्या देखत पेला तोंडाला लावला आणि चांगला मोठा घोट घेतला.

त्यांचे डोळे मिटले. नाक आक्रसलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. घोट कसाबसा खाली गेला.

"कशी आहे?" नरहररावांनी जीव मुठीत धरून विचारलं.

"अहो..." गोदूबाईंना खोटं बोलवेना. "गरम काढ्यात व्हिनेगर टाकल्यासारखी आहे. तोंडातली जीभ वळून राहिली."

नरहररावांचा चेहरा पडला. तो असा पडला की समितीलाही बघवेना.

"गरम दिली नं भाऊ, म्हणून," चारुदत्त न राहवून बोलले. "रूम टेम्परेचर म्हणजे थंड मुलखातली रूम! रायपूरची मे महिन्यातली नाही! इथं जराशी फ्रिजमध्ये ठेवा लागते. अन् नवीन माणसाले इतकी कडक, तुरट काहून आणली? हलकी आणायची, फळाच्या चवीची, किंचित गोडसर. उन्हात पडलेली तर मुळीच नाही!"

सगळे व्यसनमुक्ती समितीच्या सचिवांकडे बघायला लागले.

"असं... ऐकलं आहे मी," चारुदत्त म्हणाले. आणि थोड्या वेळानं, नारळाकडे बघत, "एक आहे तशी गाडीच्या डिक्कीत. भाचीच्या रिसेप्शनमधली उरलेली, आत्ताच आणली."

कूलर पुन्हा लागला. डिक्कीतली बाटली बर्फाच्या पातेल्यात बसली. शांताबाईंनी आत जाऊन शेंगदाणे भाजले. मग गोदूबाईंच्या पेल्यात नवी वाईन आली. त्यांनी आधी जपून जीभ लावली. मग एक घोट. मग थांबून आणखी एक. आणि सोफ्यावर मागे टेकून त्या अशा निवांत हसल्या की नरहररावांना ते हसू आपण फार वर्षांत पाहिलं नाही, हे आठवून गलबलून आलं.

"आवडली?" त्यांनी विचारलं.

"हव. लय मस्त आहे." गोदूबाईंनी पेला चारुदत्तांपुढे धरला. "अन् अहो, पुढच्या वेळी मीच येईन दुकानात. तुम्ही नुसते गाडी चालवा."

व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष निमूटपणे म्हणाले, "हव."